‘ज्यांच्यावर’चं इंग्रजी

माझ्या धंद्यात चूक झाली तर ती दिसत नाही. शिंप्याने बाही उलटी लावली तर घालणाऱ्याला आरशात कळतं. भाषांतर चुकलं तर कागद तसाच स्वच्छ, शिक्क्यासकट पुढे जातो आणि मूळ भाषा न येणारा कुणी परका माणूस तो वाचून निर्णय घेतो. एकतीस वर्षं मी रायपुरात शंकर नगरच्या एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसून लोकांच्या कागदांचं इंग्रजी केलं. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, कोर्टाचे निकाल, मार्कशीट, पंचनामे. बहुतेक हिंदी, थोडे छत्तीसगढी बयान, आणि वर्षातून चार-दोन मराठी. गेल्या वर्षी ती खोली सोडली. या अंकासाठी संपादकांनी कामातले गमतीचे प्रसंग मागितले आहेत. ते आहेत, एखादा सांगतेही. पण लिहायला बसले की मला निर्मलावहिनींचाच कागद आठवतो, म्हणून तोच लिहिते.

मला हे काम देवपुजारी सरांनी शिकवलं. ते कोर्टातून निवृत्त झालेले, नागपूरकडचे, पानाचा डबा शेजारी ठेवून काम करायचे. लोकांना वाटतं भाषांतर म्हणजे शब्दांना शब्द. सर म्हणायचे, शब्द कोशात सापडतात, माणसाचं डोकं जातं ते वाक्याच्या सांध्यात. आपण म्हणतो, ‘जो माणूस काल आला, तो माझा भाऊ.’ आधी जो, मग तो, दोन्हीकडून गाठ. इंग्रजीत आधी माणूस येतो आणि त्याच्या मागे ‘हू’ लावून त्याची सगळी हकीकत येते. माणूस एकटा असेल तर काही बिघडत नाही. पण ‘भावाचा मित्र’ किंवा ‘बहिणीची नणंद’ अशी दोन माणसं असली, तर इंग्रजीत ती उलटी होऊन उभी राहतात. मित्र आधी, भाऊ मागून. मग ‘हू’ नेमका कुणाचा? वाचणारा बहुधा जवळच्याला धरतो. सर मला सांगायचे, हू लिहिलं की थांब, लगेच मागे कोण आहे ते पाहा, आणि तो नको असेल तर वाक्य तोडून दोन कर. लांब वाक्य लिहिण्यात शहाणपण नाही, असंही म्हणायचे.

मी हे शिकले ते टाकीच्या झाकणावर. एका कारखान्याला परराज्यातल्या कंपनीला तक्रार पाठवायची होती. हिंदीत लिहिलं होतं, ‘टंकी का ढक्कन, जो चटक गया है.’ चटक गया, म्हणजे तडकलं ते ढक्कन. टाकी असती तर चटक गई असतं, शंकेला जागाच नाही. मी इंग्रजी केलं, ‘द लिड ऑफ द टँक व्हिच हॅज क्रॅक्ड’. इंग्रजी क्रियापदाला बाई-पुरुष कळत नाही. कंपनीने वाचलं की टाकीच तडकली, आणि पंधरा दिवसांनी ट्रकवर अख्खी नवी टाकी आली. कारखान्याच्या मॅनेजरने मला पेढे आणून दिले. सरांनी पेढा खाल्ला आणि एक आठवडा मला एकही कागद दिला नाही.

त्यानंतर सव्वीस-सत्तावीस वर्षं माझ्या हातून तशी चूक झाली नाही. निदान परत आली नाही. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी लपवत नव्हते. व्हिसाची कामं करणारे एजंट माझ्याकडेच माणसं पाठवायचे. म्हणायचे, दीदी का पेपर वापस नहीं आता.

निर्मलावहिनी समता कॉलोनीत राहतात. त्यांचे यजमान आणि माझे वडील रेल्वेत एकाच ऑफिसात होते, त्यामुळे जुनी ओळख. त्या स्वतः शाळेत शिक्षिका होत्या. यजमान गेल्यावर एकट्याच. एकुलती एक मुलगी, स्वाती, दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशात गेलेली. देशाचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती.

त्या दिवशी वहिनी जिना चढून आल्या आणि खुर्चीत बसल्या. मग सांगितलं की स्वातीला रक्ताचा कॅन्सर निघाला आहे, दवाखान्यात ठेवलं आहे, जावई एकटा नोकरी आणि दवाखाना दोन्ही सांभाळून राहिला. यांना तिकडे जायचं होतं. पासपोर्ट होता, तिकिटाची सोय जावई करणार होता, फक्त व्हिसा हवा होता. अर्जासोबत लावायला त्यांनी स्वतःच्या हाताने दोन पानांचं निवेदन लिहून आणलं होतं. शाळेतल्या बाईचं अक्षर, रेघेवर बसलेलं. मी म्हटलं, वहिनी, हिंदीत लिहिलं असतं तरी चाललं असतं, सगळे हिंदीतच आणतात.

“हिंदीत कायले लिहू?” त्या म्हणाल्या. “माझ्या पोरीसाठी मागून राहिली मी. तं माझ्या भाषेत मागीन.”

निवेदनात त्यांनी सगळं नीट मांडलं होतं. मी एकटीच का जाऊ शकते, दुसरं कुणी का नाही. त्यात हे वाक्य होतं. ‘माझ्या मुलीच्या सासूबाई, ज्यांच्यावर दोन वर्षांपूर्वी क्षयाचे उपचार झाले, त्या एवढा प्रवास करू शकत नाहीत.’

कुणीही मराठी माणूस हे वाक्य वाचून अडखळणार नाही. ज्यांच्यावर म्हणजे सासूबाईंवर. मुलीला कुणी ‘ज्यांच्यावर’ म्हणत नाही, तिच्यासाठी ‘जिच्यावर’ आहे. आपल्याकडे विहिणीला दिलेला मानच वाक्याचा अर्थ सांभाळतो. मी ते वाचलं, समजले, आणि एका दमात इंग्रजी लिहिलं. ‘द मदर-इन-लॉ ऑफ माय डॉटर हू वॉज ट्रीटेड फॉर ट्यूबरक्युलोसिस टू इयर्स अगो’, आणि पुढचं. लिहिताना माझ्या डोक्यात ‘ज्यांच्यावर’च चालू होतं. इंग्रजीच्या ‘हू’मध्ये मान नाही, लहान-मोठं नाही, हे मला तीस वर्षं माहीत होतं. त्या दिवशी ते माझ्या ध्यानात आलं नाही. मला घाई नव्हती, तब्येत बरी होती, वीजही गेली नव्हती. मला कारण सांगायला आवडलं असतं, पण कारण नाही.

मी ते टाइप केलं, खाली नेहमीची ओळ लिहिली की दोन्ही भाषा मला अवगत आहेत आणि हे भाषांतर खरं व अचूक आहे, सही केली. वहिनींनी इंग्रजी पानावर जिथे सांगितलं तिथे सही केली. वाचायचा प्रश्न नव्हता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि मला येत होतं.

तीन आठवड्यांनी व्हिसा ऑफिसचं पत्र आलं. वहिनी ते घेऊन आल्या. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराच्या निवेदनाप्रमाणे तिच्या मुलीवर दोन वर्षांपूर्वी क्षयाचे उपचार झाले आहेत. परंतु मुलीने स्वतः देशात येताना दिलेल्या माहितीत असा आजार कधी झाला नसल्याचं लिहिलं आहे. याचा खुलासा करावा, तोपर्यंत अर्ज थांबवून ठेवला आहे.

मी ते पत्र दुसऱ्यांदा वाचलंच नाही. पहिल्या वाचनातच ‘डॉटर हू’ मला समोर दिसलं.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, हे कुणालाही सांगता येईल. त्याच खुर्चीत बसून चार ओळी लिहायच्या होत्या की हा भाषांतरकाराचा दोष आहे, मूळ मराठीत हे सासूबाईंबद्दल आहे, सोबत मूळ वाक्य जोडलं आहे. अर्ध्या तासाचं काम. मी वहिनींना म्हटलं, “त्यायनं चुकीचं वाचलं, वहिनी. आपण समजावून सांगू.”

त्याच दिवशी जावयाचा, अभिजितचा फोन आला. मुलगा इथलाच, घरी सगळे मराठी बोलतात ते त्याला कळतं, पण उत्तर हिंदीतच देतो. तो फार घाबरला होता. पत्रामुळे त्याला वाटलं की स्वातीने खोटी माहिती दिली असा ठपका येऊन दोघांचं तिथलं राहणंच धोक्यात येईल, आणि त्याबरोबर तिचे उपचारही. त्याने मला सरळ विचारलं.

“आंटी, ट्रान्सलेशन में तो कोई गड़बड़ नहीं है ना?”

मी म्हटलं, “नाही. वाक्य व्याकरणाने बरोबर आहे.”

ते खरं होतं. कुठल्याही इंग्रजीच्या मास्तरला दाखवा, वाक्य बरोबर आहे. दोन अर्थ निघतात, पण चूक म्हणून लाल खूण करता येणार नाही. मी त्या खरेपणाच्या मागे लपले. फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावलं की नाहीतर माझ्या शिक्क्याचे आधीचे सगळे कागद लोक संशयाने बघतील, इतक्या वर्षांत मी एकदाही दुरुस्तीचं पत्र दिलेलं नाही, आणि खुलासा काय, कसाही लिहिला तरी पोचेल.

मी खुलासा लिहिला, पण तो वहिनींच्या नावाने. ‘गैरसमज टाळण्यासाठी नमूद करते की’ अशा थाटाचा. चूक हा शब्द त्यात कुठे नव्हता. अभिजितने तो पाठवू दिला नाही. माझं उत्तर ऐकून त्याची खात्री झाली होती की प्रश्न भाषांतराचा नाही, म्हणजे काहीतरी मोठं आहे. तो तिथल्या वकिलाकडे गेला. वकिलाने सांगितलं, घाईने काही लिहू नका, आधी स्वातीचे भारतातले सगळे वैद्यकीय कागद मागवा. मग वहिनी रायपुरात दवाखान्यांच्या चकरा मारू लागल्या. स्वातीला लहानपणी ज्या डॉक्टरांकडे नेलं होतं ते वारलेले, त्यांचा दवाखाना मुलाने बंद केलेला. कॉलेजच्या वेळचे एक्स-रे कुणी ठेवले नव्हते. जो आजार मुलीला झालाच नाही, तो झाला नव्हता याचा पुरावा सत्तर वर्षांची बाई रिक्षाने शोधत फिरत होती, आणि संध्याकाळी मला फोन करून सांगायची की आज इथे गेली, उद्या तिथे जाईन.

मी म्हणायची, हो वहिनी, मिळेल.

बाविसाव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. स्वातीला क्षय नव्हता अशी एका डॉक्टरीणबाईंनी जुन्या ओळखीवर दिलेली चिठ्ठी इंग्रजीत आहे ना, चालेल ना, हे विचारायला. बसल्या-बसल्या त्यांनी फोन काढला आणि स्वातीने सकाळी पाठवलेला आवाज मला ऐकवला. आवाज ओळखू येत नव्हता. दोनच वाक्यं होती. “आई, जेवलीस का? कधी निघून राहिली तू?”

वहिनी म्हणाल्या, रोज हेच विचारते, आणि मी रोज म्हणते, निघतेच.

त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि प्रतिज्ञापत्र लिहिलं. माझ्या नावाने, माझ्या पत्त्याने. ‘सदर वाक्यात संबंधी उपवाक्य चुकीच्या नामाजवळ ठेवल्याने अर्थ बदलला. मूळ मराठीत आदरार्थी बहुवचन असून ते केवळ सासूबाईंनाच लागू होते. ही चूक संपूर्णपणे माझी आहे. अर्जदार व तिची मुलगी यांचा त्यात काही दोष नाही.’ नोटरीकडे जाऊन आले. नोटरीचे वकीलसाहेब वर्षानुवर्षं माझे कागद पाहणारे. वाचून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. मग ते मी स्वतः अभिजितला पाठवलं आणि फोनही केला. तो इतकंच म्हणाला, “आंटी, मैंने आपसे पूछा था.”

आठ दिवसांत व्हिसा आला. स्वाती त्याच्या तीन दिवस आधी गेली होती.

वहिनी तिकडे गेल्याच नाहीत. अंत्यसंस्कार तिथेच झाले, अस्थी अभिजित घेऊन आला. मी तेराव्याला समता कॉलोनीत गेले, इतर बायकांमध्ये बसले, आणि उठून आले. वहिनींनी माझा हात धरून म्हटलं की तू फार धावपळ केली. मी हात सोडवला नाही आणि बोललेही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कबुली दिली ती इंग्रजीत दिली. परदेशातल्या एका ऑफिसला दिली, वकिलाला दिली, जावयाला दिली. ज्या बाईला द्यायची होती तिला इंग्रजी येत नाही. अभिजितनेही त्यांना सांगितलं नव्हतं. का, ते मी त्याला विचारू शकले नाही.

तीन महिन्यांनी वहिनी एक जाड फाइल घेऊन आल्या. अभिजितने सगळे कागद त्यांच्याकडे ठेवायला दिले होते. दवाखान्याचे, व्हिसाचे, वकिलाचे. सगळे इंग्रजी.

“हे मले मराठीत करून दे,” त्या म्हणाल्या. “सगळं. पहिल्या पानापासून. त्या दिवसांत तिकडे काय चालू होतं ते मले समजलंच नाही. मी इकडे नुसती हो-हो करत होती.”

मी म्हटलं, ठेवून जा, करून ठेवते. त्या नाही म्हणाल्या. वाचून दाखव, मी बसते.

मी वाचत गेले. दवाखान्याची पहिली नोंद, रक्ताचे रिपोर्ट, औषधं. स्वाती नर्सना काय म्हणाली ते एका पानावर होतं, ते त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग व्हिसा ऑफिसचं पत्र, मग वकिलाची पत्रं. त्यांच्या खालीच माझा कागद होता. माझं नाव वरच होतं. ते त्यांना इंग्रजीतही ओळखता आलं.

“हे तुझं काय आहे?”

मी ते मराठीत सांगितलं. हा एकच कागद असा होता की ज्यात मला शब्द शोधावे लागले नाहीत. त्यांचं मूळ वाक्य म्हणून दाखवलं, मी त्याचं काय केलं ते सांगितलं, आणि पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं होतं हेही सांगितलं. ते कागदात नव्हतं.

वहिनींनी मुलांना व्याकरण शिकवलं होतं. त्यांना समजावून सांगायची वेळ आली नाही. त्या थोडा वेळ फाइलच्या दोरीशी चाळा करत राहिल्या.

“पहिल्याच दिवशी हे लिहिलं असतं तं?” त्यांनी विचारलं.

“आठ दिवसांत आला असता व्हिसा.”

“मंग किती दिवस भेटले असते मले?”

मी ते आधीच मोजलेलं होतं. “प्रवासाचे दोन दिवस सोडून सतरा.”

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि कदाचित म्हणूनच नाही ओरडल्या. त्यांनी मला अभिजितला फोन लावायला सांगितला. तो तेव्हा परत गेलेला होता, तिकडे सकाळ असावी. फोन टेबलावर ठेवून वहिनींनीच त्याला विचारलं की माझा व्हिसा कशामुळे अडकला होता, हे स्वातीले माहीत होतं का.

तो म्हणाला की नाही, आम्ही तिला ते पत्र दाखवलंच नाही, ती घाबरली असती, आपण खोटं ठरलो असं तिला वाटलं असतं.

“मंग तिले काय वाटत होतं? मी काहून नाही आली म्हणून?”

“मम्मी,” तो म्हणाला, “उसको लगता था आप प्लेन से डरती हैं. कहती थी, माँ कभी अकेली नागपूर तक नहीं गई, इतनी दूर कैसे आएगी. बोलती थी, उनको ज़बरदस्ती मत करना.”

फोन बंद झाला. मी काहीतरी बोलायला लागले, माफी हा शब्दही आला असेल, पण वहिनी माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी फाइलमधली सगळी पानं परत होती त्या क्रमाने लावली. माझा कागद त्याच्या जागी ठेवला. दोरी बांधली. मग उभ्या राहून, कुणाला म्हणून नाही, म्हणाल्या,

“मी घाबरत नव्हती.”

आणि जिना उतरून गेल्या.